मागच्या सीटबद्दल बोलायचं नाही

गाडी सहाव्यांदा गॅरेजच्या दारात आली ती स्वतःच्या चाकांवर, आणि मिस्त्रींचा जळफळाट झाला तो त्यामुळेच. बंद पडलेली गाडी कुणी दोरखंडाने ओढून आणली असती तर ते मुकाट्याने कामाला लागले असते. पण ही बया भर रस्त्यात चार माणसांसमोर मान टाकायची, आणि गॅरेजचं दार दिसलं की अशी झोकात आत शिरायची की बघणाऱ्याला वाटावं, बिघाड गाडीत नसून मिस्त्रींच्या डोक्यात आहे.

"आली बघा तुमची लाडकी," शेजारचा पंक्चरवाला म्हणाला.

"लाडकी कसली? मला छळायला जन्माला आलीय ती," मिस्त्री म्हणाले आणि हातातलं फडकं त्यांनी टेबलावर आपटलं.

गाडी एकवीस वर्षांची होती. काळी, लांबलचक, आत कातडी सीटा आणि लाकडाच्या पट्ट्या. एके काळी ती रस्त्याने गेली की लोक वळून बघत. अजूनही बघत, पण आता कारण वेगळं असे. उभी राहिली की ती मागच्या बाजूने हळूहळू खाली बसायची, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखी. एक खिडकी खाली जायची आणि वर यायला नकार द्यायची. समोरच्या फळीवर तीन दिवे कायमचे पेटलेले होते. त्यांतला एक कशाचा, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. मिस्त्रींनी एक दुखणं काढलं की ती दुसरं पुढे करी. या सगळ्याची त्यांना सवय होती. पण गेल्या दोन महिन्यांत तिने नवीन खोड काढली होती. चालता चालता इंजिन एकदम गप्प. धक्का नाही, धूर नाही, आवाज नाही. आणि दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की जणू काही झालंच नाही.

मिस्त्रींचं गॅरेज पस्तीस वर्षांचं. एका तीन मजली इमारतीच्या तळाला, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं. त्यांची ख्याती होती ती कानांची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ते सांगत, "तिसरा व्हॉल्व्ह," आणि तिसराच व्हॉल्व्ह निघे. त्यांची बायको म्हणे, "घरात चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, आणि दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं बेअरिंग वाजलं की हे जेवता जेवता उठतात." या कानांपायी त्यांनी एक नियम केला होता. गाडीची चाचणी घ्यायला ते एकटेच जात. काचा वर, रेडिओ बंद, आणि शेजारी कुणी नको. गाडीचा मालक आला तरी त्याला स्टुलावर बसवून ठेवत.

खरं तर हा नियम एकाच माणसामुळे झाला होता. तो माणूस आता दार उघडून गाडीतून उतरत होता.

ते या गाडीचे ड्रायव्हर. मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीचे यजमान. गाडी नवी आली त्या दिवसापासून तिच्या चाकामागे तेच. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि तोंडाचा पट्टा असा की एकदा सुरू झाला की त्याला ब्रेक नाही. दुसरं कुणी असतं तर मिस्त्रींनी केव्हाच हाकलून दिलं असतं. पण बहिणीचा नवरा, म्हणजे घरचा जावई. संताप कितीही होवो, "तुम्ही" सोडता येत नव्हतं. तीस वर्षं मिस्त्री त्यांच्यावर आदरार्थी बहुवचनात चिडत आले होते.

"कुठे बंद पडली, भावोजी?"

"त्याचं काय झालं दादा, सकाळी निघालो तेव्हा हवा इतकी छान होती..."

"हवा राहू द्या. कुठे?"

"तेच सांगतोय ना. बँकेच्या अलीकडे तो चपलांचा दुकानदार नाही का, ज्याच्या भावाने दुकानात अर्धी भिंत घातली..."

"भावोजी!"

"हां. त्या भिंतीसमोर."

"वेग किती होता? चढ होता का? एसी चालू होता?"

"चढ कसला, सपाट रस्ता. पण भिंत बघण्यासारखी आहे हो. एका बाजूला निळी, दुसऱ्या बाजूला..."

मिस्त्रींनी डोळे मिटले. त्यांच्या हातात एक जुनी वही होती. तीत या गाडीची दोन पानं भरली होती. कॉइल बदलली. प्लग बदलले. इंजिनाचा सेन्सर बदलला. टाकीतल्या पंपाचा रिले बदलला. प्रत्येक ओळीपुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "चाचणी घेतली. दोष नाही."

"दादा," भावोजी आवाज उतरवून म्हणाले, "या वेळी सापडायलाच हवं. रविवारी ताई येतेय."

ताई म्हणजे गाडीच्या मालकीणबाईंची मुलगी. बाई शहात्तर वर्षांच्या. त्यांचे यजमान सर्जन होते. दीड वर्षापूर्वी ते गेले. आता त्या मोठ्या घरात बाई, ही गाडी आणि ड्रायव्हर एवढेच उरले होते. आई चार-चारदा भर रस्त्यात अडकली हे कळल्यावर ताईने फोनवर सांगितलं होतं, की रविवारी गिऱ्हाईक घेऊन येते, गाडी विकून टाकू. आईला कुठे जायचं असेल तर फोन करून भाड्याची गाडी बोलवता येते. भाड्याची गाडी आपला ड्रायव्हर घेऊन येते, हे तिने म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती.

त्या दिवशी गुरुवार होता.

शुक्रवारी मिस्त्रींनी समोरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हे त्यांच्या जिवावर आलं होतं, कारण गेली दहा वर्षं ते त्याला "डबेवाला डॉक्टर" म्हणत आले होते. त्याने बिघाड वाचणारा डबा गाडीला जोडला, पडद्याकडे बघितलं आणि ओठ मुरडले.

"काका, गाडी म्हणते सगळं ठीक आहे."

"गाडी खोटं बोलते."

"डबा खोटं बोलत नाही."

"मग दोघं मिळून बोलतायत," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग ते एकटेच गाडी घेऊन निघाले. काचा वर, रेडिओ बंद. चढ चढून पाहिला, उतार उतरून पाहिला, उन्हात अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाहिलं. खड्ड्यांतून मुद्दाम नेली. गाडी रेशमासारखी चालली. परत येताना त्यांनी स्टिअरिंगवर बुक्की मारली, तर हॉर्न मात्र वाजायचा बंद झाला.

दुपारी बहीण जेवणाचा डबा घेऊन आली. ती डबा द्यायला आली नव्हती, हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं.

"सापडलं?"

"नाही."

"दादा, एक सांगते. हे घरी बसले ना, तर मी वेडी होईन. मागे आठवडाभर सुट्टी होती तर यांनी माझ्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखर, मीठ, रवा. तीस वर्षं ज्या डब्यांत हात घालतेय त्यांच्यावर!"

"बरं केलं की."

"साखरेची मिठाला लावली होती." तिने पदराने कपाळ पुसलं. "नोकरी गेली तर मी सकाळी नऊला यांना हातात डबा देऊन इथे पाठवीन. त्या स्टुलावर बसतील. संध्याकाळी न्यायला येईन."

मिस्त्रींनी स्टुलाकडे पाहिलं.

बहीण दारापर्यंत गेली आणि थांबली. "काल पांढरा शर्ट इस्त्री करत होते," ती म्हणाली. "एकच शर्ट तीन वेळा केला. आणि दादा, तोंडातून शब्द नव्हता." मग ती गेली.

मिस्त्री बराच वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. चिडायला आता नीटसं कुणी सापडत नव्हतं, म्हणून ते आणखीच चिडले.

शनिवारी सकाळी बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. साडेदहाला फोन वाजला. "दादा, पडली. दवाखान्याच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानासमोर." मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन स्कूटरवर बसले. पोचतात तो गाडी कडेला उभी, भावोजी बोनेट उघडून आत बघत होते, आणि बाई औषधांच्या दुकानातल्या खुर्चीवर पंख्याखाली बसल्या होत्या. बंद गाडीत त्यांना घुसमटायचं, म्हणून गाडी थांबली की त्या आधी खाली उतरत.

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं.

"तुम्ही आलात की ही शहाण्यासारखी वागते," बाई हसून म्हणाल्या. "आमच्याकडे साहेबांसमोर पेशंटांचं असंच व्हायचं. दुखणं दारातच विसरायचे."

मिस्त्रींना हसू आलं नाही. ते गाडीच्या उघड्या मागच्या दारापाशी उभे होते. सीटवर बाईंची शाल होती, चष्म्याची डबी होती आणि डॉक्टरांची फाईल होती. तिन्ही वस्तू ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर. एकवीस वर्षं या गाडीत हात घातलेल्या माणसाला एक गोष्ट पाठ होती. ड्रायव्हरच्या मागे साहेब बसत आणि पलीकडच्या खिडकीशी बाई. साहेबांच्या बाजूची सीट त्यांच्या वजनाने थोडी खोलगट झाली होती, बाईंची तशीच ताठ होती.

"भावोजी, बाई हल्ली कुठे बसतात?"

भावोजी काही बोलले नाहीत.

मिस्त्रींना आधी वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा विचारलं. भावोजींनी बोनेट खाली घेतलं, हात पुसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाला प्रश्न विचारला होता आणि समोरून चपलांचा दुकानदार, त्याचा भाऊ, भिंत, हवा, काहीही आलं नव्हतं. पस्तीस वर्षं बारीकसारीक आवाज ऐकणारे मिस्त्रींचे कान या शांततेने टवकारले.

बाईंना दवाखान्यात सोडल्यावर त्यांनी भावोजींना बाजूला घेतलं.

"बोला आता."

"दादा, काहीही विचारा. मागच्या सीटबद्दल मी बोलत नाही." भावोजींचा आवाज खाली होता, पण पक्का होता. "पहिल्या दिवशी साहेबांनी एवढंच सांगितलं होतं. पुढे बघायचं, आणि मागे जे होईल ते गाडीतच ठेवायचं. मागे नवरा-बायकोची भांडणं झाली. मेलेल्या पेशंटासाठी साहेब रडले. मी तुमच्या बहिणीलासुद्धा कधी सांगितलं नाही."

मिस्त्री बघतच राहिले. जगातलं सगळं सांगणारा हा माणूस, आणि याच्या पोटात एकवीस वर्षांची एवढी मोठी बंद खोली होती!

"मी भांडणं विचारत नाही. जागा विचारतोय. वजन कुठे पडतं ते."

भावोजी बराच वेळ घड्याळाचा पट्टा फिरवत राहिले. "दोन महिने झाले," ते शेवटी म्हणाले. "एक दिवस साहेबांच्या बाजूने आत बसल्या. काही म्हणाल्या नाहीत. मी आरशात बघितलं नाही."

"आणि पहिल्यांदा गाडी कधी बंद पडली?"

"त्याच दिवशी."

"अहो, मग सांगायचं नाही?" मिस्त्री इतक्या जोरात ओरडले की समोरच्या पानवाल्याने मान वर केली.

"बाई कुठे बसतात याचा इंजिनाशी काय संबंध?" भावोजीही चिडले. "आणि तुम्ही तरी कधी कुणाला बरोबर घेऊन चाचणी केलीत? एकटे जाता, एकटे येता!"

मिस्त्रींनी मागचं दार उघडलं. "बसा मागे. साहेबांच्या जागेवर."

"मी नाही बसणार."

"भावोजी, उद्या रविवार आहे."

भावोजी बसले. म्हणजे सीटच्या कडेला जेमतेम चार बोटं टेकले, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, जशी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोरं बसतात. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं आणि गाडी कडेकडेने हळू पुढे घेतली. काही झालं नाही. पहिला स्पीडब्रेकर गेला, दुसरा गेला.

"नीट बसा. पाठ टेका."

"टेकलीय."

"टेकली नाही! अधांतरी बसलाय!" तिसरा स्पीडब्रेकर आला आणि मिस्त्रींचा तीस वर्षांचा बांध फुटला. "अरे बूड टेक ना रे बाबा! तो काय देव्हारा आहे का?"

दचकून भावोजी मागे कोसळले, सगळ्या वजनानिशी. चाकं स्पीडब्रेकरवरून उतरली आणि इंजिन गप्प झालं.

मिस्त्रींनी आरशातून मागे पाहिलं.

"उठा," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाले. भावोजी अर्धवट उठले. किल्ली फिरवली, इंजिन सुरू. "बसा. एकदा उसळून." भावोजी उसळून बसले. इंजिन गप्प. असं चार वेळा झालं. शेवटच्या खेपेला भावोजी हसायला लागले होते, आणि मिस्त्रींना मात्र हसावं की डोकं आपटावं हे कळत नव्हतं.

गॅरेजमध्ये त्यांनी मागची सीट उचलली. या गाडीची बॅटरी सीटखाली असते. तिच्या शेजारून टाकीतल्या पंपाकडे जाणारा वायरींचा जुडगा तळाच्या खोबणीत बसवलेला असायला हवा. तो खोबणीत नव्हता. सीटच्या लोखंडी चौकटीखाली तो चेपला गेला होता. वरचं आवरण शाबूत, आणि आतली तांब्याची तार तुटलेली. बसलेल्या वजनाचा गचका बसला की टोकं सुटायची, पंप थांबायचा. वजन उठलं की टोकं पुन्हा टेकायची. एवढंच.

पण मिस्त्री बघत होते ते त्या जुडग्यावरच्या काळ्या टेपकडे. शेवटचा वेढा आत दुमडून टोक उलटं दाबलेलं. असं टेप लावणारा या शहरात एकच माणूस होता.

साहेब गेल्यावर गाडी तीन महिने हलली नव्हती. बॅटरी मेली होती. ती नवी त्यांनीच बसवली होती. त्यांना तो दिवसही आठवला. भावोजी शेजारी उभे राहून साहेबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होते, थांबत नव्हते, आणि मिस्त्रींना ते ऐकवत नव्हतं. म्हणून त्यांनी घाईघाईने सीट दाबून बसवली होती आणि म्हटलं होतं, झालं, न्या.

"काय सापडलं?" भावोजींनी विचारलं.

मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं, "तुमची बडबड." ते त्यांनी गिळलं. "माझं काम," ते म्हणाले. "मीच चेपलीय ही." आणि वहीत दोन पानांच्या खाली तेवढंच लिहिलं.

रविवारी ताई आली. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. मिस्त्री स्वतः बाईंच्या घरी गेले होते, अंगात धुतलेला शर्ट, हातात तुटका वायरीचा तुकडा.

"ताई, गाडी म्हातारी आहे, मी नाही म्हणत नाही. खिडकी वर येत नाही, मागून बसते, हॉर्नही मी कालच दुरुस्त केला. पण रस्त्यात बंद पडत होती ती म्हातारपणाने नाही. चूक माझी होती. ती निघाली. आता पडली तर गॅरेजची पाटी उतरवीन."

ताईने तुकडा हातात घेऊन पाहिला. ती आईच्या काळजीने आली होती, आणि काळजी इतक्या लहान तुकड्यात मावत नव्हती. "पण मग कधी पडायची, कधी नाही, हे कसं?"

"मागे बसणाऱ्याचं वजन पडलं की..."

"कुठे?"

"ड्रायव्हरच्या मागे."

"तिथे कोण बसतं? आई तर पलीकडे बसते."

मिस्त्रींनी भावोजींकडे पाहिलं. भावोजी सरळ पुढे बघत होते, अंगणात उभे असूनही. मिस्त्रींनी खाकरून घसा साफ केला. "वायरिंगचं काही सांगता येत नाही, ताई," ते म्हणाले. आयुष्यात इतकं गुळमुळीत निदान त्यांनी कधी केलं नव्हतं.

"मी बसते तिथे हल्ली," बाई पायरीवरून म्हणाल्या. "माझ्या जागेवरून त्यांची रिकामी जागा दिसायची. तिथेच बसलं की दिसत नाही."

ताईने वायरीचा तुकडा मिस्त्रींच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "चल आई, एक चक्कर मारून येऊ." बाई ड्रायव्हरच्या मागे बसल्या. ताई वळसा घालून पलीकडच्या, आईच्या जुन्या जागेवर जाऊन बसली. भावोजींनी दार लावलं, आरसा किंचित वर केला, इतका की त्यात फक्त मागची काच दिसावी, आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

मिस्त्री पायरीवर बसून राहिले. पाऊण तास. रस्त्यावरच्या प्रत्येक इंजिनाच्या आवाजाला त्यांचा जीव खाली-वर होत होता. अखेर तो ओळखीचा आवाज लांबून आला, सलग, कुठेही न तुटता. गाडी आत आली, थांबली, आणि मागच्या बाजूने नेहमीसारखी हळूहळू खाली बसली. ताई फोनवर बोलतच उतरली. "नाही, येऊ नका. आम्ही विकत नाही आहोत. हो, नक्की."

सोमवारी सकाळी नऊला गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात.

"आता काय?" मिस्त्री जवळजवळ किंचाळले.

"दुसरी खिडकीपण वर येईना," भावोजी म्हणाले. "त्याचं काय झालं दादा, बाहेर हवा इतकी छान होती..."

खिडकी करून झाली. मग चाचणीला निघताना मिस्त्रींनी मागचं दार उघडून धरलं. नवा नियम होता. आता चाचणीला मागे वजन लागायचं. भावोजी मागे बसले, पाठ टेकून. मिस्त्रींनी काचा वर केल्या, रेडिओ बंद केला. चौक गेला, बाजार गेला, चढ गेला. मागून चकार शब्द नाही. मागे बसल्यावर बोलायचं की नाही याबद्दल साहेबांनी काही सांगून ठेवलं नव्हतं, म्हणून भावोजी गप्प होते.

इंजिन नीट ऐकू येत होतं. अगदी नीट. मिस्त्रींनी ते पाच मिनिटं सहन केलं.

"अहो, बोला की काहीतरी," ते वैतागून म्हणाले. "त्या भिंतीचं काय झालं पुढे?"